मुलीला घेऊन या, आणि तुम्हीही या

दापोली तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी नववीत, शाळेच्या १७ वर्षांखालील कबड्डी संघात चढाई करते. सरावात कुणाला आवरत नाही, पण सामन्यात निदानरेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा, जेमतेम ओलांडते आणि माघारी येते. शाळेच्या सरांनी क्रीडा मानसशास्त्रज्ञांकडे न्यायला सांगितलं. यांनी फोन केला तर तिकडून आईवडिलांनाही बोलावलं. ‘खेळायचं तिला, मग आमचं तिथे काय काम? मनाच्या डॉक्टरकडे गेलो म्हटल्यावर गावात काय बोलतील? आणि ही माणसं नेमकं करतात तरी काय?’ असं त्यांनी विचारलंय.

मी रत्नागिरीत हेच काम करते. खेळाडू येतात ते बहुतेक कबड्डीचे आणि खो-खोचे, थोडे समुद्रात पोहणारे.

गावाचं आधी उरकून टाकते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या आपल्या हॉकी संघाबरोबर पॅडी अप्टन नावाचे मानसिक तयारीचे प्रशिक्षक होते. त्याच वर्षी सिंगापूरला जगज्जेता झालेल्या गुकेशनेही त्यांचीच मदत घेतली होती. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघातही ते होतेच. यातल्या कुणाच्याही डोक्यात बिघाड झाला नव्हता. त्यामुळे कुणी विचारलंच तर ‘खेळाच्या मॅडमकडे जातो’ म्हणा. माझ्याकडे येणारे बरेच जण हेच सांगतात आणि ते खोटंही नाही.

आता कामाचं. मानसशास्त्रज्ञ दोन वेगळ्या प्रकारांनी मदत करतो. कुणाला नैराश्य असेल, घबराटीचे झटके येत असतील, जेवणखाण बिघडलं असेल तर तो उपचार. माणूस एरवी ठणठणीत आहे, पण जे येतं ते मैदानावर उतरत नाही, संघाचं सूत जमत नाही, घरी खेळावरून रोज वाद होतात, तर तिथे कोचिंग. या कोचिंगमध्ये मी चढाई शिकवत नाही. ते सरांचं काम, आणि मला ती येतही नाही. मी प्रश्न विचारते. तुला नक्की काय हवंय, आत्ता काय होतंय, काय काय करून बघता येईल आणि त्यातलं तू कधी काय करणार, या चार टप्प्यांतून खेळाडूला चालवते. ऐकायला फार सोपं वाटतं. अवघड जातं ते मोठ्यांनी गप्प बसणं.

माझं एक ठाम मत आहे आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ‘हिची मानसिकता सुधारून द्या’ म्हणून जी मुलं माझ्यासमोर बसवली जातात, त्यातल्या बहुतेकांची भीती अगदी शहाणी असते. चढाई फसली की सर ओरडणार, हरलो की घरी अबोला, हे त्या पोरीला अनुभवाने माहीत असतं. अशा वेळी निदानरेषा जेमतेम ओलांडून सुखरूप परत येणं हा तिने काढलेला व्यवहारी तोडगा असतो. बाद होत नाही, बोलणी खावी लागत नाहीत. मुलीला कितीही श्वासाचे व्यायाम शिकवले तरी ती परत त्याच मैदानावर आणि त्याच घरी जाणार. म्हणून मी तिघांबरोबर काम करते: खेळाडू, सर आणि घर. एकट्या मुलीला पाठवणारे आईवडील मला अर्धंच काम देतात.

मुलीबरोबर काय होतं, ते एका उदाहरणाने सांगते. कुडाळकडची एक मुलगी होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिचंही दुखणं तुमच्या मुलीसारखंच. कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. ही तिसरी चढाई हिच्या वाट्याला आली की पाय जड व्हायचे. ‘मनात काय येतं?’ असं मी विचारलं नाही. त्यावर मुलं ‘टेन्शन’ म्हणतात आणि संवाद तिथेच संपतो. मी विचारलं, मध्यरेषा ओलांडताना तुझी नजर कुठे असते?

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा खंय उभे आसत ता बघतंय.”

“मगे?”

“मगे कॉर्नर दिसता. तवसर येळ झालेली आसता.”

बाबा नेहमी प्रतिस्पर्ध्यांच्या उजव्या कॉर्नरच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या बचावपटूच्या मागे, दोरीला टेकून उभे राहायचे. म्हणजे ३० सेकंदांच्या चढाईतले पहिले काही क्षण बाबांच्या चेहऱ्यावर जात होते, आणि नेमके तेच क्षण बचाव कसा उभा आहे ते वाचायचे असतात. आता यावर कुणीही मोठं माणूस पटकन म्हणेल, ‘बाबांकडे बघू नको.’ ती ‘हो’ म्हणेल आणि पुढच्या सामन्यात न बघण्याची काळजी करत पुन्हा बाबांकडेच बघेल. मी विचारलं, त्या वेळी कशाकडे बघितलं तर तुला उपयोग होईल? तिने क्षणात सांगितलं: डाव्या कॉर्नरच्या पुढच्या पायाकडे. त्या पायावर भार आला की ती झेप घेणार, मग हात न घालता बोनसकडे, म्हणजे मागची बोनसरेषा ओलांडून मिळणाऱ्या गुणाकडे वळायचं. हे तिला कुणी त्या दिवशी शिकवलं नव्हतं. सरावात ती रोज तेच करत होती, फक्त आपण ते करतो हे तिला ठाऊक नव्हतं.

त्यावरून तिने स्वतःच्या शब्दांत एक वाक्य बांधलं: ‘मध्यरेषेवर पाय पडला की नजर तिच्या पायावर.’ अशा ‘अमुक झालं की तमुक करायचं’ पद्धतीच्या नेमक्या बेतावर पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय. १९९९ चा त्याचा लेख आमच्याकडे सगळेच वाचतात. ‘मी नीट खेळेन’ या निश्चयापेक्षा असा बेत जास्त टिकतो, कारण ऐन वेळी विचार करायला लागत नाही, खूण दिसली की कृती आपोआप सुरू होते. वाक्य मात्र खेळाडूचंच हवं. मी लिहून दिलेलं वाक्य दोन दिवस टिकतं.

श्वासाचंही थोडं बघितलं. कबड्डीत दम एका श्वासात घालायचा असतो, आणि घाबरलेल्या माणसाचा श्वास वरच्या वर चालतो. त्यामुळे आधीच भरलेली छाती घेऊन मुलगी आत शिरते आणि अर्ध्या चढाईत दम संपतो. सर म्हणतात स्टॅमिना कमी आहे. पण तीच मुलगी सरावात तासभर खेळते, मग स्टॅमिना जातो कुठे? समोरच्या संघाची चढाईपटू परत जात असतानाच दोनदा लांब श्वास सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, आणि मग मध्यरेषेकडे जायचं, एवढंच ठरलं. छातीतली धडधड मी घालवू बघत नाही. ती जात नाही, आणि जायलाही नको. २०१४ मध्ये हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी दाखवलं की गाणं, भाषण किंवा गणिताच्या परीक्षेआधी ‘शांत हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधड दोघांचीही तीच. ‘हुरूप’ हा शब्द पोरींना पुस्तकी वाटतो, म्हणून त्या आपापला शब्द शोधतात. एक जण ‘अंगात आलंय’ म्हणते. शिमग्याच्या गावात वाढलेली पोर, तिला तेच बरोबर बसतं.

एवढं सगळं माझ्या खोलीत ठरून भागत नाही. ते दबावाखाली घोटावं लागतं. त्यासाठी सर लागतात: शेवटची दोन मिनिटं, आपण तीन गुणांनी मागे, दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, आणि मैदानाभोवती आठवी-नववीची सगळी पोरं बोंबलतायत. आठवड्यातून दोनदा हा प्रसंग मुद्दाम उभा करायचा. सरावात वाघीण आणि सामन्यात शेळी असं आपण सहज म्हणतो, पण बहुतेक शाळांच्या सरावात सामन्यासारखं काही नसतंच.

सरांवर वेगळं लिहिते, कारण शाळेतल्या क्रीडाशिक्षकाइतका ओढला गेलेला माणूस दुसरा नाही. निवडणुकीचं काम त्याला, पोषण आहाराची वही त्याला, आणि संध्याकाळी पदरमोड करून मैदानावर उभाही तोच. त्याला शिकवण्याचा आव आणून गेलं तर दार बंद होतं. मी एक दिवस नुसती मैदानाच्या कडेला बसते. मुलीकडून चूक झाल्यावर सर काय म्हणतात आणि चांगलं काही घडल्यावर काय म्हणतात, एवढंच टिपते. मग वही त्यांच्यापुढे ठेवते. मी टिप्पणी करत नाही. बहुतेक सर स्वतःच म्हणतात, ‘च्यायला, मी इतका ओरडतो?’

ही टिपायची पद्धत माझी नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी १९७० च्या दशकात लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचं वागणं असंच नोंदवलं आणि मग प्रशिक्षकांसाठी छोटं शिबिर तयार केलं: चांगल्या खेळाला आणि मेहनतीला दाद द्या, चुकीनंतर धीर द्या आणि लगेच काय करायचं ते सांगा, टोमणे बंद. १९९२ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात साध्या प्रशिक्षकांकडच्या २६ टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला होता. शिबिर केलेल्यांकडे ते प्रमाण ५ टक्के होतं. दोन्हीकडच्या जय-पराजयात तसा फरक नव्हता. म्हणजे मुलं हरण्यामुळे गेली नव्हती. आपल्याकडे नववी-दहावीत मुली खेळ सोडतात त्याला अभ्यास, घरकाम, पाळी, लांबचा प्रवास अशी दहा कारणं आहेत. पण त्यातलं एक कारण मैदानावरच तयार होतं आणि ते सरांच्या हातात आहे, हे त्यांना कळलं की चांगला माणूस बदलतो. न बदलणारेही भेटतात. ‘आम्ही मार खाऊनच शिकलो’ म्हणणाऱ्यांपुढे मी फार वेळ घालवत नाही.

टाइमआउटचं एक छोटं काम मला फार आवडतं. प्रत्येक डावात दोन, प्रत्येकी ३० सेकंदांचे. एवढ्यात सर सात सूचना देतात. टाइमआउट संपल्यावर काय ऐकलंत म्हणून मुलींना विचारलं तर सातपैकी एक आठवते, तीही प्रत्येकीला वेगळी. आम्ही असं ठरवतो: पहिले दहा सेकंद कुणी बोलायचं नाही, पाणी आणि श्वास. मग सर कर्णधाराला विचारणार, ‘आतून काय दिसतंय?’ मग सरांची एकच सूचना. पहिल्या एकदोन सामन्यांत सरांना तोंडाला कुलूप घातल्यासारखं होतं. नंतर कर्णधार पोरगी बोलायला लागते आणि तिला बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टी दिसत असतात: समोरच्या चढाईपटूचा गुडघा दुखतोय, ती डावीकडे वळत नाहीये.

संघाचं बोलायचं तर किनाऱ्यावरच्या मुलांना मी रापणीची आठवण देते. जाळं समुद्रात सोडून दोन टोकांच्या दोऱ्या वाळूवरून ओढायच्या, लहान-थोर सगळे हात लावतात. दोरीच्या मागच्या टोकाला कुणीतरी नुसता हात ठेवून चालत असतो, हे प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं. बऱ्याचदा तसं हात ठेवून चालणारं ते मूल स्वतःच असतं. माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसं दोरी किती जोराने ओढतात ते मोजलं आणि १९१३ मध्ये आकडे छापले. माणसं वाढत गेली तशी प्रत्येकाची ओढ कमी होत गेली. आठ जण झाले तेव्हा दरडोई जोर निम्म्यावर आला. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत डोळे बांधून हाच प्रयोग झाला. मागे माणसं ओढतायत अशी नुसती समजूत करून दिली, प्रत्यक्षात मागे कुणीच ओढत नव्हतं, तरी माणसाचा जोर कमी झाला. म्हणजे सगळा दोष ताल न जमण्याचा नाही, थोडी कसरही असते. आपलं काम वेगळं ओळखू येतं असं वाटलं की ही कसर घटते.

सात जणींच्या बचावात हेच होतं. साखळीतली एक हात घालते, बाकीच्या अर्धा क्षण थांबून बघतात, चढाईपटू निसटते, आणि मग सगळ्या एकमेकींकडे बघतात. अशा संघाला ‘एकजूट ठेवा’ सांगून काही होत नाही. प्रत्येकीने उभं राहून सर्वांसमोर सांगायचं: ‘पकड लागली की माझं काम अमुक.’ कव्हर म्हणते मी कंबर धरणार, कॉर्नर म्हणते मी घोटा सोडणार नाही, आणि एखादी गप्प बसते कारण तिला तिचं काम कधी कुणी सांगितलेलंच नसतं. तिथे सर आणि मी एकमेकांकडे बघतो. मग मुली आपले नियम स्वतः लिहितात, चारपाचच. एका संघाने लिहिलेला मला आठवतो: ‘पकड फसली तर पुढची चढाई येईपर्यंत कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही.’

एक गोष्ट मात्र माझ्या हाताबाहेरची आहे. संघनिवडीत वाडीवाडीचं राजकारण असेल, मंडळाच्या अध्यक्षांची पुतणी सातात ठरलेलीच असेल, तर तिथे कसलंही कोचिंग चालत नाही. राखीव बसलेल्या मुलीला ‘सकारात्मक राहा’ सांगणं म्हणजे तिची फसवणूक. तिला झालं ते अन्यायाचं आहे असं मी स्पष्ट सांगते, आणि मग त्यात तिला काय करता येईल ते बघतो.

आता तुमच्याबद्दल.

सामना संपल्यावर घरी जायचा प्रवास मुलांना सगळ्यात नकोसा असतो. हे मला जवळजवळ प्रत्येक मुलाने कधी ना कधी सांगितलंय. तालुक्याच्या गावाहून घरी तासाभराचा रस्ता, बाबा पुढे, पोर दुचाकीवर मागे. हेल्मेटमधून ओरडून बाबा विचारतात, ‘ती शेवटची चढाई तशी का केलीस?’ उतरून जाता येत नाही, चेहरा लपवता येत नाही. बाबा रागावलेले नसतात, बऱ्याचदा त्यांना खरंच मदत करायची असते. पण त्या वेळी तिचं शरीर थकलेलं असतं, हरल्याचं ताजं असतं, आणि चूक तिला तुमच्याआधी कळलेली असते. त्या प्रवासात मी एवढंच मागते: सामन्याचा विषय तिने काढला तरच काढायचा. ‘तुझा खेळ बघायला मजा आली’ हे एक वाक्य, मग वडापावची गाडी. तिला बोलायचं असेल तर ती दुसऱ्या दिवशी बोलते, आणि तेव्हा जे बोलते ते खरं असतं.

वडील मुंबईत आणि मुलगी गावी, अशी घरं आपल्याकडे कितीतरी. तिथे दुचाकी नसते, पण व्हॉट्सअ‍ॅप असतं. काका चढाईचा व्हिडिओ पाठवतात, बाबा डोंबिवलीहून चार मिनिटांचा आवाजी निरोप धाडतात, आणि मुलगी तो रात्री उशीखाली फोन ठेवून ऐकते. या वडिलांना मी एकच बदल सुचवते. निरोपाऐवजी फोन करा, आणि पहिली पाच मिनिटं खेळ सोडून बोला. लांब राहणाऱ्या माणसाला मुलीच्या आयुष्यात शिरायला खेळ हेच दार सापडलेलं असतं, हे मला समजतं. म्हणूनच ते दार जपून वापरायला हवं.

कौतुकाचंही सांगते, कारण तिथे चांगले आईवडील अडतात. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोडी देऊन मुद्दाम अपयश दिलं, तेव्हा ‘हुशार’ ठरलेली मुलं लवकर कंटाळली आणि त्यांची कामगिरी घसरली. ‘आमची वाघीण’ हे कौतुकही त्याच जातीचं. वाघिणीला हरायची सोय नसते. ‘आज तू तीनदा डावीकडून आत शिरून बघितलंस’ असं म्हणा. त्यासाठी सामना नीट बघावा लागतो, ही त्यातली खरी अडचण.

आता जे बाप माझ्यासमोर पटकन बोलत नाहीत ते मीच बोलते. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीची स्वप्नं त्यावर उभी असतात. कोकणात दुसरी नोकरी कुठे आहे? हा हिशोब मी वाईट मानत नाही. पण तो मुलीच्या डोक्यावर प्रत्येक चढाईला ठेवला तर पाय जड होणारच. हिशोब घरात एकदा उघड मांडा: प्रमाणपत्र कोणत्या पातळीवर मिळतं, नाही मिळालं तर काय, शिक्षणाचं काय ठरलंय. मोघम ‘आता सगळं तुझ्यावर आहे’ हे सगळ्यात जड ओझं. ‘विभागापर्यंत पोचलीस तर बरंच आहे, नाही पोचलीस तरी अकरावीला दापोलीला जायचंच आहे’ असं नेमकं ऐकलं की मुलं हलकी होतात. आईलाही बोलावलंय ते याचसाठी. पोरगी उन्हात काळवंडते, गुडघे फुटतात, पुढे लग्नाचं कसं, ही काळजी आई स्वयंपाकघरात रोज बोलून दाखवते, आणि तिने मुलीचा एकही सामना पाहिलेला नसतो. आंब्याच्या दिवसांत तिला सवडही नसते. ती एकदा मैदानावर आली की निम्मे वाद आपोआप मिटतात.

समुद्रात पोहणाऱ्या मुलांचे आईवडील या बाबतीत सुखी. मालवणला चिवला किनाऱ्यावर स्पर्धा होतात तेव्हा पोर एकदा लाटांपलीकडे गेलं की किनाऱ्यावरून कितीही ओरडा, त्याला ऐकू जात नाही. त्या पोरांची भीती जेलीफिशची असते, खोल पाण्याची असते, बाबांची क्वचितच.

गुप्ततेचा नियम पहिल्या भेटीतच सगळ्यांसमोर सांगितला जातो. मुलगी माझ्याशी जे बोलते ते तुम्हाला किंवा सरांना तिच्या परवानगीशिवाय सांगत नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. या क्षेत्राचा पाया घालणारे कोलमन ग्रिफिथ यांना १९३८ मध्ये शिकागो कब्स या बेसबॉल संघाने नेमलं. त्यांचे अहवाल जायचे संघाच्या मालकाकडे, आणि संघ चालवणाऱ्या चार्ली ग्रिमला हा प्राध्यापक तिथे नकोच होता. काम फसलं. मालकाला अहवाल जातो म्हटल्यावर मन कोण मोकळं करेल? फक्त दोन अपवाद आहेत. मुलीच्या जिवाला धोका असेल तर मी तुम्हाला सांगणार. आणि कुणी तिच्याशी लैंगिक गैरवर्तन केल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मला ते पोलिसांना कळवावंच लागतं. तो माणूस प्रशिक्षक असो, मंडळाचा असो की नात्यातला.

कोचिंग कुठे थांबवायचं तेही ऐकून ठेवा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, मैत्रिणी तुटल्या, आवडता खेळही नकोसा झालाय, वजनाच्या अटीसाठी जेवण टाकतेय, तीन महिने पाळी आली नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलते, यातलं काहीही असेल तर चढाईबिढाई बाजूला. तिथे डॉक्टर किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हवा, आणि तो रत्नागिरी-चिपळूणला मिळतो. रात्री-बेरात्री कुणाशी बोलायची वेळ आली तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

माणूस निवडताना पदवी विचारायला लाजू नका. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘माइंड कोच’ अशी पाटी मात्र कुणीही लावू शकतो. पदकाची हमी देणारा, एका शिबिरात आत्मविश्वास भरून देणारा, निखाऱ्यांवर चालवणारा दिसला की नमस्कार करून निघा. चांगल्या माणसाला विचारा: उपयोग होतोय हे आपल्याला कशावरून कळेल? त्याच्याकडे नेमकं उत्तर हवं. तुमच्या मुलीच्या बाबतीत माझं उत्तर असं असेल: तिसऱ्या चढाईत ती निदानरेषा ओलांडून आणखी आत शिरते का, एवढंच मोजू. गुण आला की नाही ते नंतर.

वेळेचं म्हणाल तर स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात येऊ नका, तेव्हा नवीन काही सांगितलं की गोंधळ वाढतो. तालुक्याच्या शालेय स्पर्धा साधारण श्रावणाच्या आसपास सुरू होतात. मैदान चिखलाचं झालं, सराव शाळेच्या व्हरांड्यात आला, की तेच दिवस चांगले. पहिली भेट समोरासमोर, पुढच्या बऱ्याचशा फोनवर होतात. रत्नागिरीच्या फेऱ्यांत तिची शाळा बुडवण्यात अर्थ नाही.

येताना सामन्यांचे व्हिडिओ आणू नका. सुरुवातीला आपण चौघं बसू, मग तुम्ही दोघं बाहेर बसाल आणि ती एकटी बोलेल, मग तुमच्याशी वेगळं बोलेन. ती पहिल्या दिवशी काहीच बोलली नाही तरी घरी जाताना ‘मॅडमना काय सांगितलंस’ विचारू नका. सरांना मला फोन करायचा आहे, पण तो ती हो म्हणाल्यावरच. तेवढं तिला आधी विचारून ठेवा.